शिव्यांचा अर्ज

खात्या कोतवाल गावभर दवंडी पिटत पाटलांच्या ओट्यापाशी आला आणि हलगी काखेत मारून गप्प उभा राहिला.

"का रे, थांबना कसाले?" चुडामण पाटलांनी आतून विचारलं.

"आबा, आठेबी पिटनी का?"

"बठ्या गावमा पिटनी म्हंजे आठेबी पिटनी. सरकारना हुकूम शे."

खात्यानं मग निजलेल्या लेकराच्या पाळण्याशेजारी वाजवावी तशी हलगी वाजवली. "ऐका हो ऐका. यंदा आखाजीले गोमाईना काठवर बायास्नी जमानं नही. गाना म्हनाना नही. समोरना गावले शिव्या देवाना नही. जो कोनी हुकूम मोडी..."

पुढचं त्याला म्हणता आलं नाही, कारण छबूबाई परसातून कुरडयांचा चीक लागलेल्या हातांनी तशीच ओट्यावर आली होती. चुडामण पाटील आढ्याकडे बघायला लागले. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं, पण बायकोकडे बघण्यापेक्षा बरं होतं.

"खात्या, शेवटनं परत सांग. नीट आयकू नही उनं."

खात्यानं परत सांगितलं.

"शिव्या देवाना नही, हाई कोन म्हनस?"

"सरकार म्हनस, माय."

"सरकारले कोनी शिव्या दिध्यात?"

या प्रश्नाचं उत्तर तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, विचारणारीला सगळ्यांत जास्त. खात्यानं हलगी उचलली आणि मारुतीच्या पाराकडे जवळजवळ पळतच गेला.

गोमाईच्या अलीकडे कळंबथडी, पलीकडे पिंप्रीथडी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, त्यांच्याबरोबर टोपलीत बसून गौराईही येते. आठवडाभर झोके, गाणी, आमरस. आणि शेवटच्या दिवशी दोन्ही गावच्या बाया आपापल्या काठावर उभ्या राहून, मधल्या गुडघाभर पाण्यावरून, घसा बसेपर्यंत एकमेकींना शिव्या घालतात. गाण्यातून, चालीत, देवीच्या साक्षीनं. जितक्या शिव्या तितकं पीक, असं पिढ्यान्पिढ्या ठरलेलं. बाप्यांनी त्या दिवशी काठाकडे फिरकायचं नाही. फिरकलेच तर लांब चिंचेखाली बसायचं आणि जे कानावर पडेल ते गिळायचं.

कळंबथडीकडून शिव्या सांगणारी छबूबाई. ती मुळात पिंप्रीथडीची लेक. आणि पिंप्रीथडीकडून सांगणारी तिची सख्खी थोरली बहीण तापीबाई, जी नशिबानं गावातल्या गावातच दिलेली. सख्ख्या बहिणी असल्यामुळे एकमेकींच्या सगळ्या खोडी तोंडपाठ, त्यामुळे शिव्यांना दर्जा होता. लांबलांबून बाया ऐकायला यायच्या.

गेल्या आखाजीला नेमका फौजदार घोड्याला पाणी पाजायला नदीवर उतरला. देशात कायदेभंग चाललेला, चार डोकी जमली की त्याचा हात दंडुक्याकडे जायचा. इथं तर दोन गावच्या बाया. तो घोडा धरून बघत उभा राहिला. छबूबाईनं त्याला पाहिलं, बहिणीला वाऱ्यावर सोडलं आणि सूर बदलला:

*फौजदारनी मिशी व माय, म्हैसनं शेपूट,*
*पुढे हाकलस माशा, मांगे हाकलस भूत.*

दोन्ही काठ हसले. हसू थांबेना म्हटल्यावर तिनं पुढची पायरी घेतली आणि थेट प्रांतसाहेबापर्यंत पोचली:

*साहेबनी टोपी व माय, कोंबडीनं डालं,*
*कायदा बसना उबवाले, अंडं वाया गयं.*

फौजदार घोड्याला पाणी न पाजताच गेला. आणि यंदा आखाजी जवळ आली तसा हा मनाई हुकूम आला.

दुपारी घरात बैठक बसली. चुडामणचा धाकटा भाऊ मगन तालुक्याहून टांगा करून आला होता. मगन वकील. पक्षकार कमी आणि कायद्याची पुस्तकं जास्त, त्यामुळे बिचाऱ्यानं पुस्तकं खरोखरच वाचलेली. तो जोडे काढायच्या आधीच बोलू लागला.

"जिभाऊ, एकशे चव्वेचाळीस कलम लाई दिधं त्यास्नी. पण त्याच कलमात लिहिलंय, ज्याला हुकूम जाचतो त्यानं अर्ज करावा, आणि साहेबानं त्याचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. आपण अर्ज करू. हुकूम रद्द करा म्हणून."

"आपन म्हंजे कोन?" चुडामणनं विचारलं.

"आपन म्हंजे घरना."

"मी पोलिस पाटील शे, मगन. सरकारना हुकूम मीच पिटाडा. आते मीच म्हनू का रद्द करा?"

कोपऱ्यात दोधू बसला होता. चुडामणचा चुलतभाऊ, वतन दोघांच्या आज्याचं, पण पाटीलकीचा शिक्का चुडामणकडे. दोधूनं या एका गोष्टीवर सगळं तारुण्य चघळत काढलं होतं. तो फार गोड आवाजात म्हणाला, "भाऊ बरोबर बोली ऱ्हायना. शिवाय हुकूम निघना तो भाऊनाच रपोटवर. शांततेचा भंग होण्याचा संभव, असं लिखेल शे, नि खाले भाऊनीच सही शे. नही का भाऊ?"

परसात कुरडयांवर कावळा बसला होता, त्याला कुणी हाकललं नाही.

खरं तर तो रिपोर्ट फौजदारानं सांगितला आणि कारकुनानं लिहिला. चुडामणनं फक्त सही केली होती, चावडीतल्या इतर कागदांवर करतात तशी, कान खाजवत. नंतर घरी येऊन सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज जेवण चांगलं झालेलं असायचं.

छबूबाईनं हात पदराला पुसले. नवऱ्याकडे बघितलं नाही. दिराला म्हणाली, "भाऊजी, अर्ज मी करसू. लिखा."

"माय, आसं नको करू," सिंधुबाई म्हणाली. ही त्यांची थोरली लेक, ब्राह्मणपुरीहून आखाजीला आलेली. "मन्हा घरधनी सरकारी शाळामा मास्तर शेतस. आबानी पाटीलकी जाई, त्यास्नी नौकरी जाई. चार गानास्साठे?"

"तू बापनी बाजू ले. लहानपनपाइन तेच करी ऱ्हायनी."

"मी कोननी बाजू लेत नही. मी फक्त सांगी ऱ्हायनू."

तेवढ्यात दारातून गुडघ्यापर्यंत ओलं लुगडं घेऊन तापीबाई आत आली. नदी चालत पार करून आली होती आणि नेहमीप्रमाणे कुणी या म्हणायच्या आत बसली होती.

"छबू, तुन्ही जीभ काटी टाकाले पाहिजे व्हती लहानपनी. आते माले बी गाना बंद."

"बस आक्का. पानी पी, मंग बोल."

मगन तिला बघून एकदम उभा राहिला. "तापीआक्का, देवच उना. ऐका. सरकारचं म्हणणं काय, दोन गावांत मारामारी होईल. मग दोन्ही गावच्या बायांनी मिळून एकच अर्ज दिला तर? भांडणारेच एका कागदावर. मंग भांडन कोठे ऱ्हायनं?"

चुडामणला मनातून कौतुक वाटलं. धाकट्याच्या डोक्यात खरंच काहीतरी होतं. तापीबाईलाही पटलं.

"लिखा मंग. पहिलं नाव मन्हं. मी मोठी शे."

"गौराई पहिले आम्हना काठवरतीन पानीमा जास," छबूबाई म्हणाली. "पहिलं नाव कळंबथडीनं."

"आम्हना गाव जुना शे."

"तो तुन्हाबी शे नि मन्हाबी शे. माले काय सांगस?"

आणि दोघी बहिणी भांडल्या. चालीत नाही, गाण्यात नाही. खऱ्या. बापाच्या वेळचं कुठलंसं पितळी घंगाळ निघालं, एका बाळंतपणाला कोण आलं नाही ते निघालं. तापीबाई रडवेली होऊन उठली. चुडामण बघत राहिले. इतक्या वर्षांच्या शिव्यांनी जे झालं नाही ते एका अर्जानं चहा होईपर्यंत केलं होतं. सरकारच्या कागदात ताकद असते, हे त्यांना मान्य करावं लागलं.

सिंधुबाई वैतागून म्हणाली, "तुम्हना दोन्हीस्ना नाव नका लिखू पहिले. गौराईनंच लिखा. गाना तिन्हाच शेतस ना?"

ती सहज बोलली, भांडण मिटावं म्हणून. मगननं मात्र मांडीवर थाप मारली. "देव दावा लाऊ शकस. कायदामा शे. देवळातला देव जमिनीसाठी कोर्टात जातो, मग गौराई गाण्यासाठी का जाणार नाही?"

त्यानं तिथंच लिहायला घेतलं. अर्जदार पहिली, गौराई. राहणार कळंबथडी व पिंप्रीथडी.

"वय काय लिखू?"

"बाईले वय इचारू नही," तापीबाई डोळे पुसत म्हणाली.

"धंदा?"

"माहेरपन," सिंधुबाई म्हणाली, आणि म्हणाल्यावर तिलाच हसू आलं. मग सगळ्यात खाली, स्वतःच्या हातानं, शाळेत शिकलेल्या वळणदार अक्षरात तिनं आपलंही नाव घातलं. चुडामणनं ते पाहिलं. दोधूनंही पाहिलं, आणि टोपी घालून निघून गेला.

कचेरीत तारीख लागली त्या दिवशी दोन्ही गावच्या बाया बैलगाड्यांतून तालुक्याला गेल्या. व्हरांडा भरला, पायऱ्या भरल्या. पट्टेवाल्यानं रिवाजाप्रमाणे पुकारा केला: "अर्जदार गौराई, हाजीर आहे?"

"शे," असं म्हणत छबूबाई टोपली घेऊन आत गेली आणि तिनं लाकडी गौराई साहेबाच्या टेबलावर, त्यांच्या टोपीशेजारी ठेवली. प्रांतसाहेबानं एकदा गौराईकडे, एकदा टोपीकडे बघितलं आणि टोपी उचलून मांडीवर घेतली.

साहेब पुण्याकडचे, तरुण, चेहऱ्यानं वाईट नव्हते. फक्त इथली बोली त्यांना कळत नव्हती.

मगन उभा राहिला. राणीसरकारनं जाहीरनाम्यात वचन दिलं आहे की रयतेच्या धर्मात हात घालणार नाही, असं त्यानं पल्लेदार मराठीत सांगितलं. गौराईचं पूजन हा धर्म, गाणी हे पूजन, शिव्या ही गाणी. सबब शिव्या हा धर्म.

"वकीलसाहेब," प्रांत म्हणाले, "त्या जाहीरनाम्यात फौजदाराच्या मिशीचा उल्लेख मला आठवत नाही."

"मनाई हुकमातही नाही, साहेब. तिथं शांततेचा उल्लेख आहे. मिशीला आणि टोपीला राग आला, तर त्याला शांतताभंग म्हणता येणार नाही."

साहेबांनी ओठ आवळले. हसू होतं की राग, ते चुडामणला शेवटपर्यंत कळलं नाही.

"देवीपुढं शिव्या द्याव्यात, असं कोणत्या शास्त्रात आहे?"

फौजदारानं गावच्या जोशीबुवांना आणून ठेवलंच होतं. कुठल्याही ग्रंथात असा आधार नाही, असं त्यांनी घसा साफ करून सांगितलं. मगनचा चेहरा उतरला.

"साहेब, जोशीबुवाले कोनी इचारं?" छबूबाई म्हणाली. "आखाजीना दिन हाऊ घरमा कडी लाईसन बसस. गौराई बायास्नी शे. तिन्ही पोथी नही. पोथी ऱ्हाती तर ती आम्हले कोनी वाची दिधी ऱ्हाती?"

"काय म्हणतात या?" साहेबांनी विचारलं.

फौजदार पुढे झाला. "साहेब, पोलिस पाटील हजर आहे. रिपोर्ट त्याचाच. त्यालाच विचारावं."

चुडामण पाटलांना पिंजऱ्यात उभं केलं. देवाशपथ खरं सांगेन म्हणवून घेतलं. मग साहेबांनी ती दोन्ही गाणी शुद्ध मराठीत सांगायला लावली. आपल्या बायकोनं रचलेलं साहेबांच्या टोपीचं गाणं साहेबांनाच, पदर धरून उभ्या असलेल्या दोनशेक बायांसमोर समजावून सांगायचं. कोंबडीचं डालं म्हणजे कोंबड्या झाकायची टोपली, इथपासून सुरुवात करावी लागली.

"म्हणजे ही टोपी," साहेब म्हणाले.

"होय साहेब."

"आणि उबवायला बसलेली कोंबडी?"

"कायदा, साहेब."

"हे कोण गायलं?"

"मन्हं... माझं कुटुंब."

व्हरांड्यात पदरांआड खसखस पिकली. साहेबांनी रिपोर्ट समोर घेतला. "पाटील, तुम्ही लिहिलंय की या जमावानं शांततेचा भंग होण्याचा रास्त संभव आहे. आज शपथेवर तेच सांगता?"

दोधू दाराशी उभा होता. त्याची मान किंचित पुढे आलेली. छबूबाई नवऱ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. कुरडयांच्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. पानात सगळं वाढायची, शब्द मात्र वाढायची नाही. चुडामणला वाटलं, आता हो म्हटलं तर पाटीलकी राहील, आणि घरात उरलेल्या आयुष्यभर उत्तम जेवण मिळेल.

"साहेब," ते म्हणाले, "मानमोडीची साथ आली त्याच्या पुढच्या साली घरोघर सुतक होतं. आखाजी झाली नाही. बायांनी शिव्या दिल्या नाहीत. त्या साली गावात खरी मारामारी झाली. बांधावरून, पाण्यावरून, कशावरूनही. ज्या साली शिव्या होतात त्या साली माझ्याकडे फिर्याद येत नाही."

"मग रिपोर्टात हे का नाही?"

"रिपोर्ट फौजदारसाहेबांनी सांगितला."

"आणि तुम्ही सही केली."

"केली."

"म्हणजे खोटी सही केली?"

चुडामणनं जरा विचार केला. "नाही साहेब. सही खरी आहे. मजकूर खोटा आहे."

व्हरांड्यातून कुणीतरी फुस्सकन हसलं, बहुतेक तापीबाई. फौजदाराची मिशी हलली, आणि ती हलताना गाणं ऐकलेल्या सगळ्या बायांनी तिच्याकडे बघितलं. साहेबांनी दौतीत टाक बुडवला आणि बराच वेळ लिहीत बसले.

निकाल दुपारी वाचला. हुकमात दुरुस्ती करण्यात येते. बायांनी जमावं, पूजा करावी, गाणी म्हणावीत, चालीरीतीप्रमाणे एकमेकींस अपशब्द बोलावेत. मात्र कोणत्याही सरकारी नोकराचा, लहान असो वा मोठा, नावानं अथवा हुद्द्यानं उल्लेख करू नये. आणि पोलिस पाटील चुडामण यांनी लेखी एक, तोंडी दुसरं सांगितल्याबद्दल त्यांना कामावरून दूर करण्याची शिफारस करण्यात येते. तोवर काम त्यांचे चुलतबंधू दोधू यांनी पाहावं.

मगन व्हरांड्यात येऊन म्हणाला, "अर्धं जिंकलो. उरलेल्यासाठी हायकोर्टात जासूत. बोलण्यावर बंदी ती बंदीच, साहेबाची असो नाहीतर पाटलाची."

"जा ना भाऊजी," छबूबाई म्हणाली. "तुम्ही मुंबई जा. आम्ही नदीवर जातस."

परतीच्या गाडीत चुडामण पुढे बसले होते, छबूबाई मागे, मांडीवर गौराईची टोपली. शहाद्याच्या वाटेवरची केळीची शेतं मागे पडली. उद्या चावडीत आपली जागा दोधूची, हे चुडामणच्या पोटात हळूहळू उतरत होतं. वतन गेलं नव्हतं, पण मान गेला होता, आणि तो आपल्या तोंडानंच घालवला होता. वाईट वाटत होतं. जितकं वाटायला हवं होतं त्याहून मात्र कमी.

"सही करानी येळले माले इचारं का नही?" ती मागून म्हणाली.

"इचारतू तर काय करती?"

"हात धरती."

"म्हनीसनच नही इचारं."

तिनं मागूनच पानाचा विडा पुढे केला.

आखाजीच्या शेवटच्या दिवशी दोधू पाटील नव्या फेट्यात काठावर बंदोबस्ताला उभा होता, शेजारी खात्या. चुडामण आयुष्यात पहिल्यांदा साध्या माणसांत, चिंचेखाली बसले होते. कुणी तंबाखू मळून दिली, तीही साध्या माणसाला देतात तशी, आधी स्वतः घेऊन.

पलीकडून तापीबाईनं सुरुवात केली. घंगाळापासून बाळंतपणापर्यंत सगळं चालीत आलं, आणि चालीत आल्यावर ते तितकं दुखेना. छबूबाईनं तसंच सोलून परत पाठवलं. सिंधुबाई आईच्या मागं उभी राहून साथ देत होती. मास्तरांच्या नोकरीचं ब्राह्मणपुरीहून अजून काही कळलं नव्हतं, आणि आज तिला ते कळून घ्यायचंही नव्हतं.

मग सगळ्या बाया दोधूकडे बघू लागल्या. दरसाल पाटलाची पाळी असायची. दोधूनं छाती पुढे काढली, पण सूर काही येईना. सरकारी नोकर. नावानं नाही, हुद्द्यानं नाही. त्याची बायको गर्दीतून म्हणाली, "आम्हना घरनावर कोनीच नही का गाना म्हनाव? आसा कसा पाटील कया?" तिच्या आवाजात खरी खंत होती.

छबूबाईनं पदर सारखा केला. नदीकडे पाठ केली आणि चिंचेकडे तोंड केलं. दरसाल ती नवऱ्याला 'पाटील' म्हणून गाण्यात ओढायची. आता तो पाटील राहिला नव्हता. घरात ती त्याला 'सिंधूना बाप' म्हणायची, पण ते चालीत बसत नव्हतं. लग्न झाल्यापासून आजवर एकदाही तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा जीभ चावून पळाली होती. बायांना काय येणार ते कळलं, आणि दोन्ही काठ एकदम शांत झाले.

*चुडामणनी सही व माय, सरकारना घर,*
*चुडामणनी जीभ व माय, उनी भानवर.*

पलीकडच्या काठावरून आरोळी उठली. चिंचेखालच्या लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या, कुणी म्हणालं, "आबा, आयकं का? नाव लिधं वैनीनी, नाव." चुडामणचे कान तापले होते. स्वतःचं नाव इतकं लांबलचक आहे, हे त्यांना आज कळत होतं. तिनं श्वास घेतला, दुसऱ्या कडव्यासाठी तोंड उघडलं, आणि शेजारचा अजून बडबडतच होता. चुडामणनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"गप रे," ते म्हणाले. "पुढलं आयकू दे."